रुंद दातांचा कंगवा

१४ सप्टेंबर, शनिवार. पाऊस नाही.

ही डायरी पावसासाठी आहे. लोकरीचा दलाल दर नाताळात एक फुकट देतो आणि अंगणातल्या मापकात सकाळी जे पाणी सापडेल ते मी तिच्यात लिहितो. आमच्या या जेरिल्डरी गावात बहुतेक दिवशी काही सापडत नाही, म्हणून पानं कोरी राहतात. आज त्या कोऱ्या पानावर मांजराबद्दल लिहायची वेळ आलीय, यावरून माझी काय अवस्था आहे ते कळावं.

माझी बायको ग्लेंडा जिलाँगला जाऊन दहा दिवस झाले. तिची बहीण रोंडा, तिचा गुडघा बदललाय, म्हणून दोन आठवडे हाताशी कोणीतरी हवं. जाताना ग्लेंडानं शिवणयंत्र नेलं. गुडघ्याला शिवणयंत्र कशाला लागतं, असं विचारलं तर म्हणाली, "वेळ जायला." हिवाळ्याचे दोन्ही कोट नेले, आमच्याकडे सप्टेंबरात हिवाळा संपून उन्हाळा तोंडावर आलेला असताना. तिच्या आईचा फोटोही नेला. बायकांचं सामान बांधणं मला एकेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

मांजर मात्र ठेवून गेली, कारण रोंडाला दमा आहे. पांढरीशुभ्र, लांब केसांची, फुगलेली. नाताळात अंड्याच्या फेसाचा पांढरा केक करतात तशी दिसते, म्हणून ग्लेंडानं त्याचंच नाव ठेवलं, पॅव्हलोवा. हाक मारायची पॅव्ही. मी हाक मारत नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाही, आणि नऊ वर्षं ते छान चाललं होतं.

१६ सप्टेंबर. पाऊस नाही.

संध्याकाळी ग्लेंडाचा फोन. रोंडाच्या गुडघ्याचं विचारलं, बरा आहे म्हणाली. मग म्हणाली, "पॅव्हीला रोज विंचरतोयस ना? वसंतात तिचे केस गळतात. दोन दिवस सोडलं तरी जटा होतात."

मी म्हणालो, "हो, हो."

फोन ठेवल्यावर जाऊन पाहिलं. कानामागे बोराएवढी जट. दोन्ही पुढच्या पायांच्या काखेत जटा. मागच्या मांड्यांवर तर पायपुसणंच गुंडाळलंय जणू. हात लावला तर फिस्स केलं. इतके दिवस कोणी सांगितलं नाही की हे रोज करायचं असतं. ग्लेंडा संध्याकाळी व्हरांड्यात मांजर घेऊन बसायची हे मला माहीत होतं. मला वाटायचं, बसलीय.

१७ सप्टेंबर. पाऊस नाही. वारा फार.

आता हे लिहून ठेवलंच पाहिजे. मी चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या. मेंढी कातरणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती अशी, की मेंढीला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची. तिचे पाय जमिनीवरून सुटले की ती गप्प होते. पोत्यासारखी. मग वाटेल ते करा. दोनशे पौंडाचा मेंढाही गप्प होतो, तर हे कापसाचं बोचकं कोण लागून गेलं?

पॅव्हीला बसवली. पाठ गुडघ्यांना टेकवली. पोटापासून सुरुवात केली, जशी करतात.

डाव्या मनगटावर चार ओरखडे, उजव्या मांडीवर पँट फाडून दोन, आणि एक कानाच्या पाळीवर. तिथे ती कशी पोचली हे मला अजून कळलेलं नाही. पट्ट्या सापडेनात. औषधांचा डबा ग्लेंडा कुठे ठेवते देव जाणे. शेवटी रंगकामाची चिकटपट्टी लावली.

१९ सप्टेंबर. पाऊस नाही.

गावातल्या चारा-बियाण्याच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर जोडी नावाची पोरगी होती. तिला म्हटलं, मांजर विंचरायला काहीतरी दे.

"काहीतरी म्हणजे काय, मर्व्ह? तारांचा ब्रश? रबरी हातमोजा? गळते केस काढायचं पातं? जट फोडायची आकडी? बारीक फणी? नखं कापायला?"

"लागतं काय खरं?"

"मांजरावर आहे."

हे काय उत्तर झालं? तरी सगळं घेतलं. सगळं गुलाबी किंवा जांभळं. मेंढ्यावाल्यांच्या दुकानात मी गुलाबी पिशवी घेऊन उभा, आणि बाहेर दोन ओळखीचे भेटले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ सप्टेंबर. पाऊस दोन मिलिमीटर. म्हणजे न पडल्यासारखाच.

हत्यारांचा हिशेब असा. रबरी हातमोजा: तिला आवडला, इतका की तिनं हातमोजाच चावून नेला. जटेला काही झालं नाही. तारांचा ब्रश: वरवर फिरतो, वरून मांजर शोभेचं दिसतं, खाली जट तशीच. गळते केस काढायचं पातं: एका फटक्यात मूठभर चांगले केस आले आणि ती पाण्याच्या टाकीखाली दोन तास. बारीक फणी: पहिल्याच जटेत अडकली, आणि पॅव्ही कानाला जांभळी फणी लटकवून घरभर फिरली. आकडीला हात लावायची माझी छाती झाली नाही. नखं कापायचं बरं आहे. माझी कापली.

वैताग आहे नुसता.

२४ सप्टेंबर. पाऊस नाही.

आज हात दाखवून अवलक्षण झालं.

बार्नी आला होता. वीस वर्षं मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये तो माझ्या शेजारच्या जागेवर कातरायचा. मांजर बघून म्हणाला, "तू लेका कातरणारा ना? मग विंचरतोस काय बायकांसारखा? कातर की!"

कातरायचं यंत्र नको, आवाजाला भिते, हे मला कळत होतं. म्हणून आजोबांची हाताची कातर काढली. पाती पाजळली. बार्नीनं तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं. मेंढीची कातडी डाव्या हातानं ताणली की सपाट बसते आणि पातं तिच्यावरून सरकतं. या बयेची कातडी अंगाला धड चिकटलेलीच नाही. जट उचलली की कातडी तंबूसारखी बरोबर वर येते. मला वाटलं मी लोकर कापतोय.

ती ओरडली. तो आवाज मला परत ऐकायचा नाही.

शेडमध्ये मेंढीला कापलं तर आम्ही तिथेच सुई-दोरा घेऊन दोन टाके घालायचो. सुई-दोरा शोधायला गेलो, तर शिवणाची टोपली ग्लेंडाबरोबर गेलेली. बार्नी म्हणाला, "आता डॉक्टर." पिकअपमध्ये घालून फिन्लीच्या दवाखान्यात गेलो. बार्नीनं वाटभर टॉवेलचं बोचकं मांडीवर घट्ट धरलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई अँथिया, वयानं लहान, पण बोलायला कडक. जखम छोटी होती, चिकटवली. मग कानाला नळ्या लावून पॅव्हीच्या छातीवर बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हिच्या हृदयात सूं-सूं ऐकू येतंय. जुनं असणार. एरवी मी हिला भूल देऊन सगळं भादरून टाकलं असतं. पण या हृदयाला भूल दिली तर ती उठेलच असं सांगता येत नाही."

"मग?"

"हातानं. रोज थोडं थोडं. सोडून दिलं तर जटा आवळत जातील, खालची कातडी सडेल, आणि मग मला भूल द्यावीच लागेल. कात्री, पातं, काहीही धारेचं परत लावायचं नाही. एरवी कोण विंचरतं हिला?"

"बायको."

"मग त्यांना विचारा ना."

विचारा म्हणे. सांगायला काय जातंय.

२८ सप्टेंबर, शनिवार. पाऊस नाही.

आज फुटबॉलचा अंतिम सामना. ग्लेंडाचा फोन ऐन सामन्यात. रोंडा आता काठी न घेता समुद्रापर्यंत चालत जाते म्हणे. म्हटलं, वा, मग तू येतेस कधी?

"बघू, मर्व्ह."

बघू! गुडघा चालायला लागला आणि गुडघा सांभाळणारी हलायला तयार नाही. हल्लीचे डॉक्टर उगाच लोकांना घाबरवून ठेवतात.

पॅव्हीच्या हृदयाचं मी तिला सांगितलं नाही. कापल्याचंही नाही. मांजर पलंगाखाली आहे. मी वाकलो की मागे सरकते. खायला मी झोपल्यावर येते.

३० सप्टेंबर. पाऊस नाही.

काखेतल्या जटेखाली लाल झालंय. ती झोपेत असताना लांबून बघितलं.

ग्लेंडाला फोन केला. सगळं सांगितलं, कातर, रक्त, हृदय. ती ओरडेल म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला होता. ओरडली नाही. मग म्हणालो, "तू कसं करतेस ते सांग."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"मर्व्ह, तू मला विचारतोयस?"

"मग कोणाला विचारू? बार्नीला?"

"नाही, तसं नाही. एखादी गोष्ट मी कशी करते, हे तू मला पहिल्यांदा विचारलंस."

याला काय अर्थ आहे? चष्मा कुठे आहे हे मी रोज विचारत होतो. पण मांजराच्या जिवाचा प्रश्न होता, वाद घातला नाही.

तिनं सांगितलं ते असं. धरायचं नाही. व्हरांड्यातल्या बुटक्या स्टुलावर बसायचं, रेडिओ बंद करून. कंगवा मांडीवर ठेवायचा आणि काही करायचं नाही. ती आपणहून येईल. कंगवा हुंगेल. आधी हनुवटीखाली, तिथे तिला आवडतं. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं. केसांची मुळं दोन बोटांत धरायची म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत यायचं, मुळाकडून नाही. "आणि शेपटीकडे लक्ष ठेव. शेपटीचं टोक हललं की थांबायचं. एकच केस उरला असला तरी. उद्या बघायचं."

"हत्यार कुठलं?"

"रुंद दातांचा पोलादी कंगवा. बाकी सगळं फेकून दे."

"तो कुठे आहे?"

"तू ठेवलास तिथे. जूनमध्ये फाटक रंगवलंस, तेव्हा ब्रश साफ करायला नेलास. त्यानंतर मी माझ्या डोक्याच्या कंगव्यानं तिला विंचरत होते."

घरामागच्या शेडमध्ये सापडला, डब्यात, हिरव्या रंगाची पुटं चढलेला. हे खरं म्हणजे तिनं मागायला हवं होतं. मी काय नाही म्हणालो असतो? खरवडून, रॉकेलनं पुसून, तीनदा साबणाच्या कढत पाण्यानं धुतला. अगदी वास जाईपर्यंत.

१ ऑक्टोबर.

स्टुलावर बसलो. आली नाही. रेडिओवरचं घोड्यांच्या शर्यतींचं धावतं वर्णनही ऐकता येत नाही. एक माणूस, मांडीवर कंगवा, नुसता बसून. रस्त्यानं जाणारे बघतात.

२ ऑक्टोबर.

आली नाही.

३ ऑक्टोबर. पाऊस सहा मिलिमीटर.

आली. दारापर्यंत. माझ्याकडे असं बघितलं जणू मीच तिचं देणं लागतो. परत गेली. स्टूल इतकं बुटकं आहे की उठून उठून माझाच गुडघा रोंडासारखा बदलावा लागेल.

४ ऑक्टोबर. पाऊस नाही.

कंगवा हुंगला! हनुवटीखाली दोनदा फिरवला. शेपटी हलली. थांबलो.

ग्लेंडाला लगेच फोन केला. ती हसली. तिचं हसणं फोनवर जरा घोगरं येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार. पाऊस नाही.

उजव्या कानामागची जट सुटली. सगळ्या हत्यारांत खरं हत्यार म्हणजे कॉर्नफ्लोअर. स्वयंपाकघरात ते सापडायला अर्धा तास गेला.

बार्नी बिअर घेऊन आला. मी स्टुलावर होतो म्हणून त्याला गप्प बस म्हटलं. तो बसला, बघत राहिला. मांजर गेल्यावर म्हणाला, "ग्लेंडा कधी येतेय?"

"रोंडाचा गुडघा..."

"अरे, बैलोबा आहेस का तू? बायको शिवणयंत्र घेऊन जाते ती गुडघा बघायला जात नाही. सगळ्या गावाला कळलंय."

त्याला घालवून दिलं. बिअर ठेवून घेतली. गावाला कामधंदा नाही दुसरा.

९ ऑक्टोबर. पाऊस नाही.

मांड्यांवरचं पायपुसणं निम्मं उतरलं. ग्लेंडाला रोज फोन करावा लागतो, अडचणी असतात ना. आज जटांचं बोलून झालं तरी फोन चालूच होता. तिनं सांगितलं, ती तिथे एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात तीन दिवस जाते. लग्नाचे पोशाख बेतून देते. मी विचारलं, लग्नाचा पोशाख आत घ्यायचा म्हणजे नेमकं काय करतात? ती बराच वेळ सांगत होती. लोकर वेगळी, रेशीम वेगळं, पण दोन्हीला हात हलका लागतो असं दिसतं.

सुट्टीवर जाऊन नोकरी करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

१२ ऑक्टोबर, शनिवार. पाऊस नाही.

ग्लेंडानं तिथे छोटं घर भाड्यानं घेतलंय. मागे कुंपणाची बाग आहे. मांजर चालतं.

"पुढच्या शनिवारी मी पॅव्हीला न्यायला येते."

"न्यायला?"

"हो, मर्व्ह. न्यायला."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग तिनं विचारलं, काखेतली जट कशी आहे? मी सांगितलं, अजून आहे.

१३ ऑक्टोबर.

मापक बघितलं नाही.

बार्नीचं खरं होतं. मला भीती वाटतेय. या घरात दोन कप आहेत आणि मी रोज एकच धुतो. तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, रेडिओ चालू असेल.

पॅव्ही आज आपणहून मांडीवर आली. मी विंचरायला घेतलंही नव्हतं.

१५ ऑक्टोबर. पाऊस नाही.

बार्नी पुन्हा आला. माफी मागायला, म्हणजे सॉसेज घेऊन. मी सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "काखेतली जट राहू दे. सोडवूच नकोस. जट आहे, मांजराला प्रवास झेपणार नाही म्हण. बाईला राहावंच लागेल."

"खाली कातडी लाल आहे, बार्नी. ती सडेल."

"मग काय, मांजरच ना ते?"

सॉसेजही ठेवून घेतली आणि त्यालाही घालवला. पण पडल्या पडल्या त्याचा सल्ला डोक्यातून जाईना, हेही खरं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. पाऊस नाही.

सगळं सुटलं, फक्त डाव्या काखेतली ती एक सोडून. ती मी रोज करतोय, मनापासून करतोय, बार्नीनं काहीही म्हणो. जागा नाजूक आहे. आज अर्धी आली. केस बोटांत, दात टोकाशी, आणखी जरासं, आणि शेपटीचं टोक हललं. नखाएवढी उरली होती. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं आणि उद्या ग्लेंडाला निर्मळ मांजर दाखवता आलं असतं.

थांबलो. या मांजरानं माझा अंत बघितलाय.

१९ ऑक्टोबर, शनिवार. पाऊस नाही.

दुपारी आली. मागच्या सीटवर मांजर न्यायची नवी पेटी. मी म्हणालो, "केस कापलेस."

"मार्चमध्ये कापलेत."

व्हरांड्यात आली आणि थांबली. रेडिओकडे बघितलं. "शनिवार आहे, शर्यती नाहीत का? बिघडला?"

"नाही. पॅव्हीला आवडत नाही."

"पॅव्हीला," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

पॅव्ही तिच्या मांडीवर गेली. अर्थात. महिनाभर राबलो मी, आणि मांजर गेलं तिकडे. ग्लेंडानं सगळीकडून हात फिरवला. कानामागून, पोटावरून, मांड्यांवरून. कातरीचा व्रण तिला सापडला, त्यावर बोट ठेवून ती जरा थांबली. मग काखेत हात घातला.

"एक राहिलीय."

"काल शेपटी हलली."

"म्हणून थांबलास?"

"तूच सांगितलंस ना? एकच केस उरला असला तरी, म्हणालीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं पुन्हा कुठे चिकटपट्टी लागलीय. मग तिनं हात पुढे केला आणि मी कंगवा दिला. तिनं तो उलटसुलट बघितला. दातांच्या मुळाशी हिरवा रंग जरासा अजून आहे, तो निघत नाही. मी कॉर्नफ्लोअरचा डबा जवळ ठेवला आणि पायरीवर बसलो, कारण स्टूल एकच आहे.

तिनं मुळं धरली. टोकाकडून सोडवायला लागली. दोनदा फिरवला, तीनदा. ऊन कुंपणापर्यंत गेलं होतं. जिलाँगला परत जायचं तर साडेचार तास लागतात, निघायला हवं होतं. मी तसं बोललो नाही.

ग्लेंडा थांबली. कंगवा मांडीवर ठेवला.

"हलली शेपटी," ती म्हणाली. "आज पुरे. उद्या बघू."

मी चहा ठेवायला आत गेलो. दोन कप काढले.

शेपटी हलली नव्हती. मी बघत होतो.